गोळी घेतली की नाही? रोजच्या गोष्टी लक्षात ठेवण्याबद्दल

औषधवाली_महाल

नागपूरच्या महाल भागात आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि नवरा बघतो. काउंटरवर एक प्रश्न जवळपास रोज येतो: "ताई, सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, आठवूनच नाही राहिलं. आता घेऊ का परत?" विचारणारा माणूस ओशाळलेला असतो. सोबत मुलगा किंवा सून असेल तर तिथंच ऐकवतात, "तुमचं लक्षच नसतं कशात." मला ते फार लागतं. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

आजची गोळी घेतली का, या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून देणं कुणालाच सोपं नाही. तिशीतल्या माणसालाही नाही. काल, परवा, गेल्या महिन्यात, तोच ग्लास, तेच टेबल, तीच पांढरी गोळी. सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळून जातात. आठवायला गेलं की गोळी घेतानाचं चित्र डोळ्यासमोर येतं खरं, पण ते आजचं की कालचं हे त्या चित्रावर लिहिलेलं नसतं. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, कूलरचा पंप बंद केला का, सगळ्यांचं तसंच. लग्नाचा दिवस लक्षात राहतो कारण तो एकदाच येतो. गोळी रोजची.

म्हणून "लक्ष ठेवा" हा सल्ला इथं निरुपयोगी आहे. खूण हवी, डोळ्यांना दिसणारी. सात खणांचा डबा मिळतो, सोम ते रवि लिहिलेला. सकाळ-रात्र वेगळे खण असलेलाही येतो. आठवड्यातून एकदा भरायचा. गुरुवारचा खण रिकामा दिसला की गुरुवारची गोळी पोटात गेली. डबा नको असेल तर स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनानं तारीख लिहा. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी देवघरातल्या कॅलेंडरवर गोळी घेतल्यावर कुंकवाचं बोट लावतात. अक्षरओळख नाही त्यांना, पण त्यांचा हिशेब कधी चुकलेला मी पाहिला नाही.

दोन औषधांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तिथं विसरणं जिवावर बेतू शकतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे हीसुद्धा रोज घेतली जाते आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. आम्ही त्या पाकिटावर लाल पेनानं वार लिहून देतो, "फक्त सोमवार". तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून घ्या. दुसरं इन्सुलिन. टोचलं की नाही आठवत नाही म्हणून पुन्हा टोचू नका. आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा, मग डॉक्टरांना फोन करा. सुई काढली की त्याच मिनिटाला वहीत वेळ लिहायची सवय लावली तर ही पाळीच येत नाही.

विसरलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. नेमकं काय करायचं हे औषधागणिक बदलतं, ते विचारून घ्या.

तुमच्या घरी अशा गोष्टी कशा सांभाळता, ते लिहा. औषधांपुरतंच नको, बाकीचंही.

---

बर्डीकर

मोबाईलमध्ये अलार्म लावायचा, विषय संपला. फुकटात होतं. डबे आणि कुंकू कशाला?

---

औषधवाली_महाल

@बर्डीकर, अलार्म लावावाच. पण अलार्म "वेळ झाली" एवढंच सांगतो. तो वाजतो तेव्हा हात कणकेत असतात किंवा दारात पाहुणे उभे असतात. माणूस बंद करतो, "दोन मिनिटांत घेते" म्हणतो आणि ती दोन मिनिटं गेली की गेली. संध्याकाळी तोच प्रश्न: घेतली का?

मानसशास्त्रात पुढे करायच्या गोष्टी आठवण्याच्या क्षमतेचा वेगळा अभ्यास होतो. आइनस्टाइन (भौतिकशास्त्रज्ञ नव्हे, मानसशास्त्रातले) आणि मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये त्यात दोन प्रकार वेगळे केले: घड्याळावर चालणारं आणि एखादी घटना घडली की आठवणारं. आठ वाजता गोळी हा पहिला प्रकार. चहा ओतला की गोळी हा दुसरा. दुसऱ्यात घड्याळाकडे सतत लक्ष ठेवावं लागत नाही, समोर आलेला चहाच आठवण करून देतो.

थायरॉइडची गोळी मात्र चहासोबत चालत नाही, उपाशीपोटी आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी लागते. ती दात घासण्याला बांधा, ब्रशच्या पेल्याशेजारी ठेवा. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. त्या दुपारच्या जेवणाला जोडा.

---

अजनी_लोको

मी रेल्वेतून लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर, म्हणून निवृत्त झालो. अजनी, इटारसी, बल्लारशा, सगळीकडे गाडी नेली आहे. ताईंनी लिहिलं ते आमच्या खात्यात अगोदरपासून आहे, फक्त आम्ही त्याले शिस्त म्हणायचो.

सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलायचं. असिस्टंट म्हणतो "डिस्टंट पिवळा" (डिस्टंट म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा सिग्नल), मी तेच परत म्हणतो आणि हात दाखवतो. दोघांनी सिग्नल पाहिला आहे, तरी बोलायचं. रात्री अडीच वाजता डोळे उघडे असतात आणि डोकं भलतीकडे असते. आवाज काढला की डोकं जागेवर येते. नवीन पोट्टे सुरुवातीला लाजायचे. महिनाभरात ते पण ओरडून सांगायचे.

पुढे कुठं रूळाचं काम चालू आहे, किती किलोमीटरपासून किती किलोमीटरपर्यंत किती वेगानं जायचं, ते कॉशन ऑर्डरवर छापून मिळते. सही करून घ्यायची आणि समोर ठेवायची. तीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलेला ड्रायव्हर असला तरी "मले माहीत आहे" चालत नाही. रस्ता पाठ असल्यावर तर जास्तच जपायचं, कारण कालचा वेग हाताले सवयीचा झालेला असते.

स्टेशन मास्तर एकमेकांशी फोनवर बोलतात तेव्हा प्रायव्हेट नंबर, म्हणजे बोलणं झाल्याची खूण म्हणून एक आकडा, देतात-घेतात. तो लिहून ठेवायचा. मग "बोललो होतो, वाटते" असं कोणी म्हणूच शकत नाही.

घरी मी अजूनही कुलूप लावताना मोठ्यानं म्हणतो, "कुलूप लावलं, मंगळवार." वार म्हणतो हे महत्त्वाचं. सौ. पहिले हसायची, आता तीही गॅसचं बटण फिरवून वार म्हणते. गेटपर्यंत जाऊन परत येणं बंद झालं आमचं.

---

प्रतापनगरची_बाई

काका, वार म्हणण्याची युक्ती अप्रतिम आहे. कालच्या कुलपापासून आजचं कुलूप वेगळं होतं त्यानं.

पण मी शाळेत गणित शिकवते आणि मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. सगळंच डब्यात, कागदावर आणि फोनमध्ये टाकायचं का? काही गोष्टी डोक्यात असल्याच पाहिजेत. माझ्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे, पाठ असायचे. साडेतीनच्या पटीतला हिशेब इतवारीतला व्यापारी तोंडानं करायचा. आज मुलांना सात आठे विचारलं की हात खिशाकडे जातो. आणि घरातल्या एका तरी माणसाचा नंबर मुलाला तोंडपाठ हवा की नको? जत्रेत, स्टेशनवर हात सुटला आणि फोन आईच्या पर्समध्ये असला तर ते लेकरू काय सांगणार?

पाठ करण्याची पद्धत मात्र आपण चुकीची वापरतो. मुलं धडा पाच वेळा वाचतात आणि येतो असं समजतात. वाचताना ओळखीचं वाटतं, त्यालाच ते आठवणं समजतात. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सर्वात वेगानं होतं, मग हळूहळू. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं लिहिणारे पुढे गेले. मी वर्गात हेच करते. पुस्तक मिटा, पाटी घ्या, कालचं काय आठवतं ते लिहा. पहिल्या आठवड्यात मुलं रडकुंडीला येतात, कारण आठवायला जोर लागतो. तो जोर लागणंच कामाचं आहे.

नंबर पाठ करायचा तर तीन-तीन-चार असे तुकडे करा, ओरडून घोकू नका. आज रात्री विचारा, परवा विचारा, रविवारी विचारा. पहिलीतल्या पोरांनाही येतो.

---

औषधवाली_महाल

बाई, पटलं. माझ्या मनात फरक असा आहे: जे कायम तेच राहतं, पाढा, नंबर, स्वतःचा रक्तगट, ते डोक्यात असावं. आज झालं की नाही, ही गोष्ट बाहेर असावी. ती डोक्यात ठेवायला गेलं तर कालचं आणि आजचं भांडत बसतं.

---

पुण्यातला_नागपुरी

आईबाबा त्रिमूर्ती नगरला, मी पुण्यात. रोज रात्री फोन करतो, "गोळ्या घेतल्या?" "हो रे, घेतल्या." त्या "हो"वर किती विश्वास ठेवावा कळत नाही. खोटं बोलतात असं नाही, त्यांना घेतल्याच असं मनापासून वाटतं. शिवाय बाबा तीन-तीनदा तीच गोष्ट सांगतात हल्ली. घाबरू का? हे वयाचंच असतं का?

---

न्यूरो_रेसिडेंट

सरकारी रुग्णालयात मेंदूविकार विभागात शिकतो आहे. तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

चष्मा कुठं ठेवला, शेजाऱ्याचं नाव ओठांवर आहे पण येत नाही, मग तासाभरानं येतं, हे वयानुसार चालतं. माणूस तोच प्रश्न थोड्याच वेळात पुन्हा विचारतो आणि आधी विचारल्याची जाणीवच नाही, रोजच्या रस्त्यावर चुकतो, आयुष्यभर बँकेचे व्यवहार केले आणि आता सुट्ट्या पैशांत गोंधळतो, रोजचा स्वयंपाक क्रमानं जमत नाही, असं असेल तर दाखवा. तक्रार बहुतेक वेळा घरचे घेऊन येतात, रुग्ण स्वतः "मला काही नाही" म्हणतो.

आणि दाखवाच, कारण प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड कमी असणं, नैराश्य, अपुरी झोप, ऐकू कमी येणं, सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्या, या सगळ्यांनी विसरायला होतं आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी-१२ तपासायलाच हवं. ऐकू न येणं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. जे कानावर नीट पडलंच नाही ते आठवणार कुठून?

एक गैरसमज मला रोज भेटतो. "आजोबा पूजा बिनचूक करतात, मग नातवाचं नाव विसरायचं नाटक करतात का?" नाटक नसतं. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या रुग्णावर १९५३ मध्ये फिट्ससाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागाचा बराचसा हिस्सा काढला गेला आणि त्यांना नव्या गोष्टी लक्षात राहणं थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला, आणि प्रत्येक दिवशी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. हाताची सवय आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात. आजोबांची पूजा शाबूत आहे म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

नागपूरकरांसाठी वेगळं सांगतो. काल ठीक असलेला म्हातारा माणूस मे महिन्यात आज अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला विसराळूपणा म्हणून घरी ठेवू नका. उष्माघात, शरीरातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, लघवीचा संसर्ग, पक्षाघात, यातलं काहीही असू शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका आणि १०८ ला फोन लावा. महिन्यांनी वाढतं ते ओपीडीचं. तासांत बदलतं ते अपघात विभागाचं.

---

सून_सक्करदरा

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती लिहिते.

आमच्या घरी सासऱ्यांच्या गोळ्या, सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांची वेळ, मुलीची सहलीची फी, सिलेंडर कधी लावला, विम्याचा हप्ता, दिराच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाकडे किती आहेर केला होता, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. घरातले सगळे मला हाक मारतात, "अगं, ते कुठं आहे?" मी बँकेत नोकरीही करते. लक्षात ठेवणं हे काम आहे, हे आमच्या घरात कुणाच्या मनात आलंच नव्हतं, कारण ते करताना दिसत नाही. भांडी घासलेली दिसतात.

मागे मला डेंग्यू झाला आणि मी दवाखान्यात होते. नवरा दर थोड्या वेळानं फोन करून विचारायचा, हे कुठं, ते कधी. ताप उतरल्यावर मी फ्रिजवर मोठा कागद लावला. मदत मागितली नाही, कामं वाटली. "मला आठवण करून दे, मी करतो" हे बंद, कारण त्यात आठवण ठेवणं माझ्याकडेच राहतं. सासऱ्यांच्या गोळ्या नवऱ्याकडे, म्हणजे संपायच्या आधी आणणंही त्याच्याकडे. विम्याचे हप्ते त्याच्याकडे. सहल, गणवेश, प्रोजेक्टचं सामान मुलगी स्वतः बघते, ती नववीत आहे. सिलेंडर आणि दूधवाला माझ्याकडे.

पहिले दोन महिने मला गप्प बसणं जड गेलं. कळत असूनही सांगायचं नाही. पण आता नवऱ्याला सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

---

बर्डीकर

@सून_सक्करदरा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली कागद आजच लावू. लावला आहे. अलार्मबद्दल माझं मत कायम आहे, पण डबाही आणला, आईसाठी.

---

औषधवाली_महाल

सक्करदऱ्याच्या ताई, तुमचं लिहिणं मी नवऱ्याला आणि दुकानातल्या पोराला, दोघांना वाचायला दिलं.

वर्षातून एकदा करायच्या गोष्टींबद्दल थोडं. त्या तारखेला बांधल्या की हमखास निसटतात. आपल्याकडे ऋतू काही चुकत नाही, त्याला बांधा. होळी झाली, माळ्यावरून कूलर काढला, की त्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांची रक्त-लघवीची तपासणी. याला कारणही आहे. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी होतात, त्यामुळे तोच डोस उन्हाळाभर ठेवायचा का, हे डॉक्टरांना मार्चमध्येच विचारलेलं बरं. मनानं मात्र काही बंद करू नका.

पुण्यातल्या दादा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. फोनवर "घेतल्या का" असं विचारू नका. "डब्यातला आजचा खण बघून सांग, रिकामा आहे का" असं विचारा. बाबांना आठवावं लागत नाही, बघून सांगता येतं, आणि परीक्षा घेतल्यासारखंही वाटत नाही. दुसरं, दोघांच्या पाकिटात एकेक कागद ठेवा: नाव, रक्तगट, आजार, चालू औषधं डोससकट, कशाची अॅलर्जी आहे, दोन फोन नंबर. फोन लॉक असतो, कागद लॉक नसतो. औषध बदललं की कागद त्याच दिवशी बदला.

---

पुण्यातला_नागपुरी

या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून आईकडून सगळ्या स्ट्रिपा एकेक करून दाखवून घेतल्या आणि कागद लिहिला. लिहिताना लक्षात आलं की बाबांच्या दोन गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, पण मागे बारीक अक्षरात औषध एकच, बीपीचं अॅम्लोडिपिन. एक जुन्या डॉक्टरांची, एक नव्यांची. बाबा दोन्ही घेतात. त्यांच्या पायांवर सूज आहे आणि उठताना चक्कर येते. एक बंद करू का?

---

औषधवाली_महाल

तुम्ही ठरवू नका, उद्याची वाटही बघू नका. आत्ताच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोन्ही स्ट्रिपांचे मागच्या बाजूचे फोटो पाठवा. सूज आणि चक्कर दोन्ही सांगा. या औषधानं पायावर सूज येते हे माहितीतलं आहे, पण वयस्कर माणसाला सूज इतर कारणांनीही येते, ते त्यांनी तपासायला हवं. तोपर्यंत बाबांना हळू उठू द्या: आधी पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसायचं, मग उभं राहायचं. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावायला आणि आईंना सोबत जायला सांगा. डॉक्टर भेटायला बोलावतील तेव्हा घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या, जुन्या, अर्धवट राहिलेल्यासुद्धा.

---

पुण्यातला_नागपुरी

फोन झाला. नव्या डॉक्टरांना जुनी गोळी चालू असल्याचं माहीतच नव्हतं. त्यांनी एक थांबवायला सांगितली, रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहायला सांगितलं आणि गुरुवारी बोलावलं आहे. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणीही लिहून दिली. जुनी स्ट्रिप आईनं डब्यातून काढून वेगळ्या पिशवीत ठेवली आहे, बीपीची वही बाबांनी स्वतःकडे घेतली.